ओबियोराचा उक्वा

हेल्मेटवाली माणसं काही विचारणार नाहीत, अशी उलोमाची पक्की समजूत होती. म्हणून तर तिनं ओवेरी शहरातून झाडं कापणारी माणसं बोलावली. गावातल्या करवतवाल्याला तिनं महिन्याभरापूर्वीच फोन केला होता, तर तो फोनवरच कानावर हात ठेवून मोकळा झाला. "ओबियोराच्या नाळेचं झाड? नको गं बाई. जित्या माणसाच्या नाळेच्या झाडाला त्याच्या शब्दाशिवाय मी कुऱ्हाड लावायची, आणि उद्या तो आला म्हणजे?"

तो येणार नव्हता. हे त्या गावात एकट्या उलोमाला माहीत होतं.

झाड उक्वाचं होतं, जुनं, दोन माणसांच्या मिठीत न मावणारं. फणसाएवढी फळं वरून धप्पकन पडायची, आणि ती पडेपर्यंत थांबायचं, तोडायची नाहीत, असा तिकडचा रिवाज. उलोमाचा थोरला भाऊ ओबियोरा जन्मला तेव्हा बापानं त्याची नाळ या झाडाच्या बुंध्याशी पुरली आणि झाड त्याच्या नावावर झालं. त्या दिवसापासून आईलाही कुणी नावानं हाक मारली नाही. बाजारात, चर्चात, विहिरीवर ती ओबियोराची आईच.

गेल्या दोन पावसाळ्यांत झाड घरावर झुकलं होतं. बुंध्याला हात शिरेल एवढी भेग पडली होती. आणि मागच्या रविवारी सगळे चर्चात असताना एक फांदी अशी कोसळली, की स्वयंपाकाची खोपी पार भुईसपाट झाली. त्या वेळी आई चुलीपाशी असती तर? हा विचार मनात आला आणि पोर्ट हारकोर्टला आपल्या कापडाच्या दुकानात उभ्या असलेल्या उलोमानं तिथूनच ओवेरीला फोन लावला. आई एकटी राहत होती, आणि तिची खाट नेमकी त्या झाडाखालच्या खोलीत. खोली बदल म्हटलं की ती म्हणायची, "मला इथंच झोप लागते. तुझं काय जातंय?"

ओवेरीहून आलेल्या माणसांचा म्होरक्या इहेमे, पन्नाशीचा, काटक माणूस. आधी ताडी काढायचा, मग दोर आणि पट्टे बांधून झाडं उतरवण्याचं शिक्षण घेऊन आला. उतरवणं हा त्याचाच शब्द. पाडण्याचं म्हटलं की त्याला राग यायचा. सोबत दोघे होते, दोर धरणारे. आल्या आल्या त्यानं हातोडीच्या दांड्यानं बुंधा खालपासून ठोकत नेला आणि कान लावला.

"पोकळ आहे," तो म्हणाला. "खांद्याएवढ्या उंचीपर्यंत आत काही उरलेलं नाही. मी या झाडाला स्वतःला बांधणार नाही. कुंपणापलीकडच्या त्या मोठ्या झाडाला दोर टाकतो, त्याच्यावर लटकून वरून एकेक फांदी कापायची आणि दोरानं खाली सोडायची. घराचा पत्राही वाजणार नाही."

"केव्हा सुरू करता?" उलोमानं घाईघाईनं विचारलं.

इहेमेनं हेल्मेट काढून काखेत धरलं आणि ओसरीवर बसलेल्या म्हातारीकडे वळून, जरा वाकून म्हणाला, "आई, झाड कुणाच्या नाळेचं आहे का?"

उलोमा मनातल्या मनात चरफडली. मेला, याला कुणी सांगितलं होतं विचारायला! हेल्मेट, हातमोजे, छातीवर पट्टे, गाडीवर कंपनीचं नाव, आणि आत माणूस तिथलाच.

"माझ्या मुलाच्या," आई म्हणाली.

"आहे ना तो?"

हाच तो प्रश्न. मालक गेला असेल तर घरचे 'तोडा' म्हणू शकतात. मालक असेल तर त्याच्या तोंडचा शब्द हवा. तिसरी वाट नाही.

"आहे की. इटलीत आहे," आई म्हणाली. "कागदपत्रं होत नाहीत म्हणून अडकलाय बिचारा."

"मग त्याला विचारलं का? रागावू नका आई. मी पट्टे बांधतो, विमा काढतो, सगळं करतो. पण जित्या माणसाची नाळ तोडून मी त्याच झाडाशेजारी लटकायचं, हे माझ्यानं होणार नाही."

आता इटलीचं सांगायलाच हवं. नऊ वर्षांपूर्वी त्रिपोलीहून एक फोन आला होता, उलोमाला. ओबियोराबरोबर इटलीला निघालेला सिल्वानस बोलत होता. समुद्रात नाव उलटली, म्हणाला. मी त्याचा हात धरला होता, ताई, पण सुटला. एवढं बोलून तो रडायला लागला आणि फोन तुटला. त्या आधी महिनाभरच बाप गेला होता आणि आई अंथरुणाला खिळली होती. उलोमानं तोंड धुतलं, पावडर लावली आणि आईच्या खाटेशी येऊन सांगितलं, "दादा पोहोचला. आता कामाला लागला की फोन करील." एकदा बोलून गेली, मग पुढं रेटतच गेली. नाताळला दादाचा निरोप. नव्या कोनफळांच्या सणाला दादानं पाठवलेलं लुगड्याचं कापड, जे ती स्वतःच्याच दुकानातून आणायची. आईनं ते कापड नेसलं, बायकांत मिरवलं. पण नऊ वर्षांत एकदाही आई म्हणाली नाही, की मला दे बघू फोन. उलोमाला ते आपलं नशीब वाटायचं.

"विचार ना त्याला," आई आता म्हणाली. "लाव फोन."

"आत्ता? आई, तिकडे आता तो कामावर असेल..."

"असू दे. पाण्याच्या टाकीपाशी जा, तिथं रेंज येते. इथं माझ्या पुढ्यात आवाज कापला जाईल."

उलोमा टाकीपाशी गेली. ओसरीवरून दिसतं, पण ऐकू येत नाही, एवढं ते लांब. तिनं फोन कानाला लावला. कुणाला लावणार? बंद फोनमध्ये बोलायला तोंड उघडलं आणि जे आलं ते खोटं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "मला माफ कर. तुझं झाड पडायला आलंय. ते आईच्या अंगावर पडेल रे. दुसरं कुणी नाही मला. एकदा हो म्हण. तू कधी मला नाही म्हणाला नाहीस, सायकलसुद्धा दिली होतीस. म्हण ना हो."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, कारण समोरचा माणूस बोलतो तेवढा वेळ थांबायला हवं. मग डोळे पुसून परत आली.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"तोडा म्हणाला. म्हणाला, आईपेक्षा झाड मोठं नाही. खुशाल तोडा."

"अजून?"

"अजून काही नाही. घाईत होता."

आईनं तिच्याकडे पाहिलं. हातातली जपमाळ तिनं एकदा मुठीत आवळली आणि सोडली. मग इहेमेला म्हणाली, "ऐकलंस ना? मालकाचं झालं बोलून. कर सुरू."

उलोमाचा जीव भांड्यात पडला. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

काम चार तास चाललं. इहेमे पलीकडच्या झाडावरून दोरानं झुलत यायचा, फांदीला दोन ठिकाणी दोर बांधायचा, करवत ओढायचा, आणि फांदी सुटली की खालचे दोघे दोर सैल सोडत सोडत ती जमिनीवर आणून ठेवायचे. कुठं धप्प नाही, आदळणं नाही. उलोमानं खुर्ची आणली तर आई नको म्हणाली. ती ओसरीच्या कडेला उभी राहिली, उन्हात. प्रत्येक फांदी उतरताना तिची मान वरून खाली येत होती आणि पुन्हा वर जात होती.

"किती सांभाळून ठेवतात," ती एकदाच बोलली. "दोरानं. असं हळू."

"म्हणून तर यांना आणलं, आई."

"बरं केलंस. सगळ्यांच्याच नशिबी नसतं असं."

उलोमाला ते बोलणं लागलं, पण का ते कळलं नाही. तिनं सगळ्यांसाठी भात टाकला, मिरचीचा रस्सा केला. दोर धरणारे थट्टा करत होते, की ताई, तुमच्या रश्श्यानं इहेमेकाका वरून उडी मारतील. आई हसली नाही. ती जेवलीही नाही.

शेवटी बुंधा उरला, पोकळ, माणसाएवढा. इहेमेनं तो तीन तुकड्यांत कापला. आत काळा भुसा आणि मुंग्या. घर एकदम उघडं पडलं आणि ऊन थेट आईच्या खोलीच्या खिडकीत शिरलं. इहेमे दोर सोडवायला पुन्हा पलीकडच्या झाडावर चढला होता. तो खाली आला, पट्टे सोडले, हेल्मेट काढलं.

"सगळे उतरले?" आईनं विचारलं.

"उतरलो, आई."

"वर कुणी नाही ना?"

"कुणी नाही. दोरसुद्धा काढला."

मग ती सावकाश पायऱ्या उतरली, ताज्या खोडापाशी गेली, आणि उलोमाला जवळ बोलावलं.

"त्यानं विचारलं नाही," आई म्हणाली.

"काय विचारलं नाही?"

"त्या जागी काय लावणार ते. तुझ्या बापाच्या नाळेचा माड रस्त्यासाठी तोडायचा होता ना, तेव्हा तीन दिवस माणूस जेवला नाही. एकच धोशा. त्या जागी काय लावाल? कुठं लावाल? पाणी कोण घालील? असं कुणी म्हणतं का गं, खुशाल तोडा? जिता पुरुष आपल्या नाळेवरचं झाड असं फुकट सोडत नाही." तिनं उलोमाच्या गालाला हात लावला. "तुला कसं माहीत असणार. पोरींची नाळ आम्ही केळीखाली पुरतो. केळ घड देते आणि जाते. तुला झाड नव्हतंच कधी."

उलोमानं तो हात तसाच गालाशी धरून ठेवला.

"केव्हा?" आईनं विचारलं.

"नऊ वर्षं झाली, आई."

"समुद्रात?"

उलोमानं मान हलवली. आईनंही हलवली, जणू कुणी तिला बाजाराचा वार सांगत होतं.

"मला वाटायचंच. वाटायचं आणि मी खोलीत जाऊन झाडाकडे बघायची. उभं असायचं. मग म्हणायची, आहे. फोन मागितला नाही मी तुझ्याकडे. मागितला असता तर तू काय केलं असतंस, पोरी?"

"मग सकाळीच का नाही बोललीस?" उलोमा कशीबशी म्हणाली. "मी टाकीवरून आले तेव्हाच तुला कळलं होतं. चार तास तू नुसती उभी राहिलीस. आई, चार तास!"

"आता तो बोलणार नाही म्हटल्यावर हो म्हणायचा हक्क माझा होता. मी म्हटलं हो. पण ओरडणार कशी? वर माणूस लटकत होता ना," आई म्हणाली. "मी ओरडले असते आणि दचकून त्याचा हात सुटला असता तर?"

उलोमा खोडापाशी खाली बसली. सिल्वानसचं ते हात सुटल्याचं बोलणं तिनं नऊ वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

इहेमेनं आपल्या माणसांना खूण केली. तिघेही करवत खाली ठेवून, हात मागं बांधून उभे राहिले. आईनं डोक्याचा रुमाल सोडला, कमरेला आवळून बांधला, दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि टाहो फोडून मुलाच्या नावानं पहिली हाक मारली. तिकडे मेलेल्या माणसाची बातमी त्या पहिल्या हाकेनंच गावाला कळते. शेजारच्या अंगणात मुसळाचा आवाज थांबला. कुणीतरी विचारलं, कोण गं? आणि दुसरीनं सांगितलं, ओबियोराची आई. मग बायका हातातलं काम टाकून रस्त्यानं धावत येऊ लागल्या.

आईच्या आधी कुणी रडायचं नसतं, बहिणीनंसुद्धा नाही. नऊ वर्षं उलोमा त्या हाकेसाठी थांबली होती. ती उठली, आईच्या शेजारी उभी राहिली, आणि तिनंही डोक्यावर हात ठेवून तोंड उघडलं.