कलम सहा कुणी वाचलं नाही

मी एक भाडेपट्टा बोलतोय, वसईतल्या एका फ्लॅटचा. नाक मुरडू नका. तुमच्यासारखे पुष्कळ पाहिलेत मी. कागद समोर आला की तुम्ही आधी सही कुठे करायची ते विचारता आणि मग चहा मागवता.

१९७८ साली कोर्टाबाहेरच्या एका टायपिस्टने मला जन्म दिला. पास्कल नावाच्या बागायतदाराने आपल्या केळीच्या वाडीत चार फ्लॅटची छोटी इमारत बांधली होती. बापजाद्यांची जमीन विकायची नाही, म्हणून त्याने फ्लॅट पंचवीस वर्षांच्या पट्ट्याने दिले. त्यातला एक जयवंतरावांनी घेतला. हे मूळचे गुहागरचे, मुंबईत विमा कचेरीत हेडक्लार्क. दिवसभर लोकांच्या अर्जातल्या चुका काढणार, पण मला एकदाही वाचलं नाही.

वाचलं असतं तर माझं सहावं कलम दिसलं असतं. मुदत संपायच्या आत हा मूळ कागद मालकाकडे न्यायचा, त्याच्या पाठीवर मुदतवाढ लिहून सही घ्यायची. नाही घेतली तर फ्लॅट मालकाकडे परत. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण नाही! लक्ष्मीपूजनाला मला पाटावर मांडायचे आणि हळदकुंकू वाहायचे. पाहुण्यांना सांगायचे, "घराचे कागद आहेत हो, एकदम पक्के." माझ्या पहिल्या पानावर तो पिवळा डाग अजून आहे.

मग लॅमिनेशनची साथ आली. मार्कशीट, रेशनकार्ड, देवाची तसबीर, जे चपटं दिसेल ते लोक प्लास्टिकमध्ये घालू लागले. १९९५ साली जयवंतराव मलाही स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन निघाले. त्यांच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या, "अहो, मागे कधी काही लिहायचं असेल तर?"

"आता काय लिहायचं राहिलंय? सगळं लिहून झालंय."

पालथ्या घड्यावर पाणी. दोन गरम रुळांमधून मला दाबून काढलं आणि पाठीसकट मी प्लास्टिकमध्ये बंद झालो. जयवंतराव मात्र खूश. म्हणे, आता शंभर वर्षं काळजी नाही.

आठ वर्षांनी, २००३ च्या फेब्रुवारीत, रुडॉल्फ आला. पास्कल वारला होता. हा त्याचा मुलगा. त्याला इमारत पाडून सात मजली बांधायची होती. "काका, मार्चमध्ये पट्टा संपतो. सहावं कलम बघून घ्या," तो म्हणाला आणि गेला.

जयवंतरावांनी मला उभ्याउभ्या पहिल्यांदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. ते निवृत्त झालेले, गुहागरचं घर भावाच्या नावावर, जायला दुसरं छप्पर नाही. मला, खरं सांगतो, आनंद झाला. म्हटलं, आता भोगा!

त्यांचा मुलगा जितेश म्हणाला, "पप्पा, इस्त्री फिरवली की प्लास्टिक निघतं. माझ्या फ्रेंडने केलंय." फ्रेंडने काय केलं होतं देव जाणे. माझी पाठ सोलून निघाली. अर्धं सहावं कलम प्लास्टिकला चिकटून गेलं, शेवटच्या पानावरची पास्कलची सहीही गेली.

त्या लक्तरांची पिशवी घेऊन तिघं पॉलिनबाईंकडे गेले. ही पास्कलची विधवा. वाडी आता तिच्या नावावर. रुडॉल्फ हसून म्हणाला, "मम्मी, यावर लिहिताच येत नाही. कलमाप्रमाणे घर आपलं."

पॉलिनबाईंनी प्लास्टिकचा तुकडा खिडकीशी धरला. उलटी दिसणारी सही बराच वेळ पाहिली.

"हे कलम लिवलं तवा मी बाजूलाच होती," त्या म्हणाल्या. "मी त्याला बोलली, लोक इसरतील. तो बोलला, इसरू दे, येळ आली का मी जाऊन सांगीन. तो गेला. मग सांगायचं काम कोनाचं होतं, रुडॉल्फ?"

"मी सांगितलं ना."

"तू सांगितलं नाय. तू धमकी दिली. नवा कागद कर. तीस वरसांचा."

यमुनाबाई तिथेच रडू लागल्या. जयवंतरावांनी हात जोडले. मार्च संपायच्या आत नवा पट्टा नोंदवून झाला. सहीचा तो तुकडा पॉलिनबाईंनी मागून घेतला आणि आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

बाकीचा मी आता माळ्यावर पडलोय, मोडक्या स्टोव्हशेजारी. जयवंतराव, तुम्हाला मी मनात मूर्ख म्हणत होतो, आजही म्हणतो. नवा पट्टा आणलात तो तरी वाचा, एवढंच मागणं. पण एक गोष्ट इथे पडल्यापासून मला खाते आहे. तुम्ही मला वाचणार नाही हे पास्कलला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं, आणि म्हणून तुम्हाला सांगायला यायचं त्याने ठरवून ठेवलं होतं. मलाही ते ठाऊक होतं. मी मात्र पंचवीस वर्षं, तुम्ही रस्त्यावर कधी याल, याची वाट बघत बसलो.