कोरड्या पाटाची पाळी

"सरक की जरा. सावली काय तुझ्या बापाची हाय?"

बासूने फावडं भिंतीला टेकवलं आणि हद्दूच्या शेजारी फतकल मारली. "किती झाल्या?"

"तुझी पाळी अजून लागली न्हाई. मशिदीची शेवटची वाटी बुडायची हाय."

"मशिदीच्या वाट्याला काय आलं?"

"तुझ्या वाट्याला येनार तेच."

बासूने मान डोलावली आणि खिशातून चार खजूर काढून दोन हद्दूपुढे ठेवले. गेल्या वर्षीचे, वाळून कडक झालेले. यंदाचे झाडावरच गळत होते.

पाटाच्या तोंडाशी मातीचं एक खोपट होतं. खोपटात तांब्याचं घंगाळ, घंगाळात पाणी, आणि पाण्यावर तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी वर चढायचं, वाटी भरायची आणि बुडायची. एक वाटी म्हणजे अर्ध्या तासाचं पाणी. तिमजिल्त गावात कुणाला किती वाट्या हे खापरपणज्यांच्या काळापासून ठरलेलं, आणि वाट्या मोजायचं काम हद्दूच्या घराण्याकडे. तो एकतीस वर्षं मोजत होता. त्याची मोजणी चुकली असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि तिमजिल्तमध्ये म्हणणाऱ्या तोंडांची काही कमी नव्हती.

आता मोजायला पाणीच नव्हतं. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून खणत आणलेला कोसभर लांबीचा तो पाट. रमजानच्या ईदेनंतर पंधरा दिवसांनी आटला. आधी मनगटाएवढी धार, मग करंगळीएवढी, मग नुसती ओल, आणि एके दिवशी ओलही गेली. पाळ्या मात्र चालूच होत्या, कारण रीतच तशी होती. वर्षभरात एकदाही ज्याने पाळी घेतली नाही, त्याचा हक्क बुडाला, तो मशिदीच्या नावे झाला. म्हणून माणसं यायची. आपल्या बांधाचं तोंड फावड्याने उघडायची, कोरड्या पाटाकडे बघत वाट्या मोजून घ्यायची, तोंड बुजवायची आणि घरी जायची. पहिल्या आठवड्यात थट्टामस्करी झाली. पुढे तीही कुणाला सुचेना.

हद्दूला पहिल्यांदा रडू आलं होतं. मग राग आला, मग झोप येईना. आता यातलं काहीच येत नव्हतं. सकाळी उठायचं, खोपटात बसायचं, वाटी बुडाली की काढायची. पाय बधिर झाला की तो आपला वाटतच नाही, तसं त्याचं सगळ्याच बाबतीत झालं होतं.

वाटी खाली गेली, पण बुडाली नाही. अर्धी भरून घंगाळाच्या बुडाला टेकली आणि तिथेच बसून राहिली.

"ह्ये काय झालं?" बासूने वाकून पाहिलं.

"पानी कमी पडलं. उन्हानं उडून चाललंय."

"मंग ओत की."

"कुठलं ओतू? मशिदीची विहीर आटली. टँकर बिस्तरवारी येनार."

 बासूने हनुवटीनेच वरच्या अंगाला खूण केली. तिकडे उतारावर उन्हावर पंप चालवणाऱ्या निळसर काचेच्या पाट्या चमकत होत्या. "तिच्याकडं हाय की पानी. धो धो हाय."

"मी जात न्हाई तिकडं."

"नगं जाऊस. मंग माझ्या आठ वाट्या कशानं मोजनार? बोटानं?"

हद्दू उठला आणि त्याने बादली घेतली.

इट्टो त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांमागे तिने वरच्या माळावर नवी विहीर घ्यायची ठरवली, तेव्हा रीतीप्रमाणे हद्दूलाच बोलावलं होतं. पाट जिथून सुरू होतो त्या डोंगरापाशीच्या मूळ विहिरीपासून एकशेवीस वावांच्या आत कुणी दुसरी विहीर खणायची नाही, हा गावाचा कायदा; वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. हद्दूच्या घरी बकरीच्या केसांची चाळीस वावांची दोरी होती, ती तीनदा टाकायची. हद्दूने टाकली. भावजय म्हणून ढील दिली नाही की जास्त ताणूनही धरली नाही. इट्टोची जागा तीन वाव बाहेर पडली. त्याने कागदावर अंगठा दिला.

दोरी बरोबर होती. फक्त ती वळली तेव्हा विहीर हाताने खणत होते आणि खेचर लावून मोट ओढत होते. जमिनीत दीडशे मीटर नळी जाईल, हे ना दोरीला माहीत होतं ना हद्दूला. इट्टोचं पाहून मग आणखी चौघांनी विहिरी घेतल्या. सगळ्यांच्या जागा दोरीने बाहेर पडल्या. हद्दूने पाच अंगठे दिले आणि पाचही खरे होते.

इट्टो कलिंगडांच्या ढिगापाशी उभी राहून बायकांकडून गाडी भरून घेत होती. हद्दूला बघून तिने हात पुसले.

"भाऊजी? वाट चुकला व्हय?"

"बादलीभर पानी पायजे. घंगाळाला."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "आटलेल्या पाटाची पाळी मोजाया माझ्या पंपाचं पानी?"

"व्हय."

ती हसली नाही. बादली घेऊन हौदापाशी गेली. हौद काठोकाठ भरलेला होता, वरून पाणी सांडून वाळूत मुरत होतं, आणि पंप चालूच होता. त्याचा आवाजही येत नव्हता, नुसती गुणगुण.

"सांडतंय," हद्दू म्हणाला.

"सांडू द्या. ऊन कुठं इकत आनायचंय?" बादली भरता भरता तिच्याच्याने राहवेना. "गॅसच्या टाकीवर पंप चालवत हुते तवा माझा जीव टाकीत. संपत आली की बंद. दुपारी बंद. भिजलं तेवढं भिजलं. आता चार पाट्या लावल्या, धूर न्हाई, वास न्हाई, खर्च न्हाई. शहरातनं मानसं आली, फोटू काढले, म्हनली बाई, तुमी लई चांगलं काम केलं. मलाबी तसंच वाटलं. फुकट हाय म्हनून एक तुकडा वाढवला. मंग आनखी एक."

"बंद का न्हाई करत मंग?"

"मी बंद केला तर शेजारचे चौघं करतील? माझं पानी त्यांच्या नळीत जाईल. आनि पोरगी तिकडं वरझाझात शहरात शिकतीया, तिचं कोन बघनार? तुमचा पाट?" तिने बादली त्याच्या पुढ्यात ठेवली. "मला दोष दिऊ नगा. तुमीच मापून दिलं. तवाच न्हाई म्हनायचं हुतं."

"दोरीत बसत हुतं."

"दोरीत बसत हुतं," ती हळूच म्हणाली. "माझीबी नळी दोनदा खाली न्हेलीया, भाऊजी. पानी माझ्यापासनंबी पळतंय."

हद्दूने बादली उचलली. जाता जाता म्हणाला, "बुधवारी तुझी पाळी हाय. सा वाट्या. वरीस भरतंय. न्हाई आलीस तर हक्क जाईल."

"कशाचा हक्क, भाऊजी? धुळीचा?"

"ते मला ठावं न्हाई. सांगायचं काम माझं. आनि पाळीत बसलीस तर पंप बंद ठिवून बस. येका टायमाला येकच पानी, ही रीत तुला म्हाईत हाय."

 परत येताना बादलीतलं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडलं. बऱ्याच दिवसांनी पाय ओले झाले होते. बासूच्या आठ वाट्या नीट मोजून झाल्या.

त्याच संध्याकाळी मुबारकचा निरोप आला. अगादीरला मोठ्या शेतावर मुकादमी करून आलेला तो तरुण. त्याला मूळ विहिरीच्या वरच्या अंगाला, खडकाजवळ, विहीर घ्यायची होती. आधीच्या पाचांएवढी नव्हे, त्यांच्या तिप्पट पाट्यांची. उद्या दोरी घेऊन या, असं त्याने कळवलं होतं.

ही सहावी विहीर झाली की पाटात पुन्हा कधीच पाणी येणार नाही, हे हद्दूला स्वच्छ कळत होतं. एखाद्या वर्षी पाऊस बरा झाला, डोंगरावर बर्फ पडलं, तर पाचांमधूनही धार झिरपून आली असती. सहावी ती वाटच तोडणार होती. ती जागाही त्याला पाठ होती. ती बाहेर पडणार होती, चांगली सात वाव बाहेर.

रात्री त्याला झोप लागली. याचंच त्याला सकाळी नवल वाटलं.

मुबारकने स्वतः दोरीचं टोक धरलं. "चला काका. तुमचा हात खरा, सारं गाव म्हनतंय."

दोरी एकदा पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा हद्दूने टोक जमिनीला टेकवलं आणि खडा ठेवला. खड्याच्या पुढे, सात वावांवर, मुबारकची खुंटी उभी होती. लाल फडकं बांधलेली, आंधळ्यालाही दिसावी अशी.

हद्दू खड्याकडे बघत राहिला. मग खुंटीकडे. मग म्हणाला, "आत येतंय."

"काय?"

"तुझी जागा आत येतीया. विहीर घेता येनार न्हाई."

एकतीस वर्षांत त्याच्या तोंडून मोजणीचा खोटा शब्द पहिल्यांदा बाहेर पडला. तो पडला की छातीत काहीतरी होईल असं त्याला वाटलं होतं. काही झालं नाही. तो मुबारकच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मुबारक आता ओरडेल, खुंटी दाखवेल, चार माणसं बोलावेल, तुमची बुद्धी भ्रष्ट झाली म्हणेल. त्या सगळ्याला हद्दू तयार होता.

मुबारकने खड्याकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, आणि दोरी गुंडाळायला लागला. "असू द्या, काका. ऊन लई झालंय. बसा, च्या घ्या."

"मी अंगठा देनार न्हाई."

"नगा दिऊ. आता लागत न्हाई तो." त्याने खिशातून मोबाइल काढून दाखवला. "नकाशावर टिंब टाकलं की कचेरीतल्या साहेबाला तिथं दिसतंय. परवानगी मागच्या आठवड्यातच आली. आज मशीन निघालं बी असंल. म्या आपलं रीत म्हनून बोलावलं. आब्बा म्हनले, म्हाताऱ्या मानसाचा मान राखावा."

त्याने पुदिन्याचा चहा ओतला. साखर जास्त घातली होती. हद्दूने तो प्यायला, कारण ओतलेला चहा टाकून उठायची त्यांच्यात पद्धत नव्हती. मग दोरी खांद्यावर टाकून खाली आला. खोटं बोललं त्याचं दुःख नव्हतं. ते कुणाच्या कामाचं नव्हतं, याचं असायला हवं होतं, पण तेही मनाला नीट लागत नव्हतं.

बुधवारी सकाळी खोपटापुढे फावड्याचा आवाज झाला. इट्टो उभी होती. तिने दिराच्या नजरेला नजर न देता बांधाचं तोंड उघडलं. आतून धूळ उडाली. मग ती भिंतीला टेकून बसली.

"सा वाट्या," ती म्हणाली.

"सा वाट्या." हद्दूने वाटी पाण्यावर ठेवली. परवाच्या बादलीतलंच पाणी होतं, तिच्याच हौदातलं.

"पंप बंद करून आलीया. उद्या गाडी यायची हाय, आनि कलिंगडं उन्हानं तडकत्यात. तीन तास हायेत तुमच्याकडं, त्याच्या वर न्हाई."

"बरं."

वरच्या उतारावर पाट्या तशाच चमकत होत्या. ऊन त्यांच्यावर पडून फुकट जात होतं. इट्टोच्या पंपाची गुणगुण नव्हती. दोन वर्षं ती कानात इतकी बसली होती, की आता ती नाही हे कळायला हद्दूला थोडा वेळ लागला. खजुराच्या झावळ्या वाऱ्याने हलल्या, तो आवाज त्याला ऐकू आला. दूरवर कुठेतरी मुबारकचं मशीन खडक फोडत होतं.

पहिली वाटी बुडाली. इट्टोने खिशातून खजुराची एक बी काढून पुढ्यात ठेवली.

"माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"हे असंच मोजायचे," ती म्हणाली. हे म्हणजे तिचा नवरा. हद्दूला आठवलं, भाऊ खरंच बिया मांडायचा, आणि पाळी संपली की त्या उधळून द्यायचा.

दुसरी बुडाली. तिसरी बुडाली.

"काल तुमी खोटं बोललात म्हनं," इट्टो म्हणाली.

"कोन म्हनलं?"

"सारं गाव. मुबारक हसून हसून सांगतोय."

"बोललो."

"दोन वरसं उशीर केलात."

"व्हय," हद्दू म्हणाला. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "व्हय."

चौथी बुडाली. पाचवी बुडाली; इट्टोच्या पुढ्यात पाच बिया झाल्या. पाटाच्या तळावरून एक सरडा सावकाश चालत आत भुयारात गेला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. ऊन खोपटाच्या दारात आलं, इट्टोने पाय आत घेतले. तिने एकदा मान वळवून उताराकडे पाहिलं आणि परत घंगाळाकडे बघत बसली.

सहावी वाटी हळूहळू जड झाली, कलली आणि घंगाळाच्या बुडाशी गेली. इट्टोने बी ठेवली.

हद्दूने पाण्यात हात घातला, वाटी काढली, उपडी करून झटकली आणि पुन्हा पाण्यावर ठेवली.

"पाच," तो म्हणाला.

इट्टोने आपल्या पुढ्यात पाहिलं. बिया सहा होत्या. तिने हद्दूच्या तोंडाकडे पाहिलं. तो वाटीकडे बघत होता, एकतीस वर्षं बघत आला होता तसाच.

तिने सहावी बी उचलली, परत खिशात टाकली, आणि पंप सुरू करायला न उठता, डोकीवरचा रुमाल सारखा करून भिंतीला टेकून बसून राहिली.