सीटची जागा

बाबांच्या वस्तू देऊन टाकताना मनीचे हात फारसे अडखळले नाहीत. कपडे गेले, पुस्तकं गेली, शेवटी ज्या पलंगावर ते झोपत तोही गेला. धीराची आहे हो पोर, असं लोक एकमेकांना म्हणाले. राहिली ती गाडी. ती विकायचा विषय कुणी काढला की मनी ‘बघू’ म्हणे, आणि त्या ‘बघू’वरच सगळा हिवाळा निघून गेला.

गाडी जुनी होती. चौकोनी, उंच चाकांची, रंग विटलेली. रुमालालाही इस्त्री करणाऱ्या बाबांना निवृत्तीनंतर तिचा नाद लागला आणि मग त्यांनी ताळतंत्र ठेवलं नाही. छतावर सामानासाठी लोखंडी जाळी बसवली. मागची बाकं उपटून प्लायवूडचे खण केले आणि त्यावर गादी टाकली. खणात स्टोव्ह, दोर, फावडं, पाण्याचे कॅन. बॉनेटच्या कडेनं छतापर्यंत एक जाड नळी नेली, गाडी पाण्यात उतरली तरी इंजिनाला वरून श्वास घेता यावा म्हणून. तिला ते सोंड म्हणत. आणि मग आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मनीच्या आत्याला, शेजारी बसवून जमेल तेव्हा कुठल्या तरी नदीकाठी, नाहीतर डोंगरात मुक्कामाला जात.

मनी तेव्हा दुसऱ्या शहरात होती. तिला फोटो यायचे. चिखलात रुतलेली गाडी, कमरेवर हात ठेवून तिच्याकडे रागानं बघणारी आत्या, दगडांवर उकळणारी कॉफी. बाबा फोटो काढत असल्यामुळे एकाही फोटोत नसायचे. पुढच्या वेळी तूही चल, असं ते म्हणत आणि मनी येते म्हणे. दोघांचंही मनापासून असे.

बाबा गेल्यावर ती त्यांच्या घरात राहायला आली. गाडीवरचं कापड काढून पहिल्यांदा चालवायला बसली, तर पेडल कुठल्या कुठे. सीट पार मागे होती. सीटखालच्या दांड्यापर्यंत हात गेला आणि तिथेच थांबला. घरातली एकही वस्तू आता बाबांनी ठेवली तिथे राहिली नव्हती. तिनंच तर सगळं हलवलं होतं. एवढी एक जागा मात्र त्यांच्या अंगानं ठरवलेली, जशीच्या तशी होती. पाठ टेकून, पाय लांब करून बसलेले बाबा तिला दिसले. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून दारातून जाताना तिचं डोकं चौकटीला आपटायचं, इतके ते उंच.

तिनं दांड्यावरचा हात काढून घेतला, घरात जाऊन कोचावरची उशी आणली आणि पाठीमागे घातली.

त्यानंतर ती गाडीच्या मागेच लागली. बाबांच्या मेकॅनिकचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. त्याला सगळे शिडी म्हणत. ते नावही बाबांनीच ठेवलेलं. बॉनेटमध्ये वाकायचं तर हा माणूस दोन ठिकाणी दुमडावा लागतो, असं ते म्हणायचे. शिडी बोलायला कमी आणि स्वभावानं भिडस्त. मनीनं त्याच्याकडून एकेक शिकून घेतलं. रेडिएटरचे कडक झालेले पाइप तिनं स्वतः बदलले. छताच्या जाळीच्या बोल्टांपाशी पाणी झिरपत होतं, तिथे सील भरलं. दाराच्या खालच्या कडेचा गंज खरवडून, घासून, रंग दिला. नखांत ग्रीस बसलं ते काही केल्या निघेना आणि तिला त्याचं बरंच वाटलं. ब्रेक बदलले, बेल्ट बदलला, चाकं बदलली. कशालाही तिनं हरकत घेतली नाही. फक्त सीटला कुणी हात लावू नये, एवढंच तिला वाटे. ते तिनं कुणाला सांगितलं मात्र नाही. शिडी गाडी फिरवून बघायला बसायचा तेव्हा तिचा जीव वरखाली व्हायचा. पण तो बिचारा उशी तेवढी अदबीनं बाजूला ठेवायचा आणि सीट न हलवता तसाच निघायचा. यालाही कळतंय, असं मनीला वाटलं आणि तिला त्याच्याविषयी फार आपुलकी वाटू लागली.

अडचण एकच होती. गिअर टाकताना डब्यात चमचे खळखळावेत तसा आवाज येई. कधी गिअर पडायचाच नाही. शिडीनं क्लचचं तेल बदललं, तारा तपासल्या, शेवटी गिअरबॉक्स खाली उतरवून उघडला. आत सगळं ठाकठीक. त्यानं दबकत विचारलं, की ताई, क्लच तळापर्यंत दाबता ना? दाबते की, असं मनीनं सांगितलं. खरं तर तिच्या पायाच्या बोटांची टोकं तेवढी पेडलपर्यंत पोचत होती. शिडीनं उशीकडे पाहिलं, तेव्हा पाठ धरते म्हणून तिनं वेळ मारून नेली. त्यानं स्वतःच्या मेव्हण्याचा कमरेचा पट्टा आणून देतो म्हटलं. मग मान खाजवत पुटपुटला, की म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. त्या दिवशी घरी येताना मनीला स्वतःचीच लाज वाटली. पण उशी तिथेच राहिली.

आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिनं एक दिवस फोनवर विचारलं, की गाडीला नुसतं तेल पाजत बसणार आहेस की फिरवणार पण आहेस. घोडा पाळलास की काय? शनिवारी सकाळी आत्या स्वतःची गादी, स्वतःचा कप आणि गुडघ्याचं मलम घेऊन दारात हजर.

जायचं होतं ते नदीकाठच्या माळावर. बाबांची आवडती जागा. डांबरी रस्ता संपला, कच्चा संपला, मग नुसत्या चाकोऱ्या उरल्या. आत्या वाटभर बोलत होती. इथे दादानं आरसा घालवला, इथे आम्ही दोघं भांडलो आणि मी चालत निघाले, मग तो माझ्या मागून गाडी हळूहळू चालवत आला, खिडकीतून संत्रं पुढे करत. मनी ऐकत होती. प्रत्येक गिअरला चमचे खळखळत होते. आत्या दर वेळी तिच्याकडे बघायची आणि पुढे बोलायला लागायची.

माळाच्या अलीकडे एक कोरडा ओढा होता. त्यात उतरून पलीकडची दरड चढायची. उतरण सोपी गेली. चढावर गाडी निम्म्यापर्यंत गेली, मागचं एक चाक सुट्या दगडांवर फिरलं आणि इंजिन बंद पडलं. मनीनं ब्रेक दाबला, क्लचवर पाय नेला. पण गाडीचं नाक आभाळाकडे होतं. मनीचा सगळा भार मागे गेला, उशी चेपली, घसरली आणि तिच्याबरोबर मनीही. क्लचवरून बोटं सुटली, ब्रेकवरचा पाय सैलावला आणि गाडी मागे निघाली. भराभर नाही, सावकाश, जड वस्तू जाते तशी.

आत्यानं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागचं चाक एका मोठ्या दगडाला टेकलं आणि सगळं थांबलं.

मग आत्या उतरली, गुडघा सांभाळत दोन दगड लोटून चाकांमागे बसवले आणि मनीच्या बाजूचं दार उघडलं. उतर म्हणाली. मनी उतरली. आत्यानं उशी बाहेर ओढली आणि मुलीची वही तपासावी तशी उलटसुलट करून पाहिली.

“ही पाठ दुखते म्हणून, की पाय पुरत नाहीत म्हणून?”

मनीनं उशी परत घ्यायला हात पुढे केला.

“मग सीट पुढे घ्यायला काय हात मोडले होते?”

“ती बाबांची जागा आहे,” मनी म्हणाली. “त्यांनी लावलेली. बाकी सगळं मी हलवलं, आत्या. तेवढंच राहिलंय.”

आत्याचा पुढचा टोमणा ओठांवरच राहिला. ती एका दगडावर बसली. थर्मासचं झाकण उघडलं, पण कॉफी ओतली नाही. झाकण पुन्हा लावलं.

“मने, ती जागा दादाची नाही.”

मग तिनं सांगितलं ते असं. दादाला दवाखान्यात नेलं त्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये होती, नवे जाड स्प्रिंग बसवायला. काम झाल्यावर शिडीच ती चालवत घरी घेऊन आला. फाटक उघडायला आत्या होती. त्यानं गाडी लावली, किल्ली तिच्या हातात दिली, साहेब कसे आहेत विचारलं आणि उत्तर ऐकून बराच वेळ तिथेच उभा राहिला. नंतर तिनं गाडीवर कापड टाकलं. ते मनीनंच काढलं.

“दादा एवढ्या मागे बसला असता तर त्याला रस्ताच दिसला नसता. शेवटी शेवटी तर नाक काचेला लावून बसायचा. नजर कमी झालेली, कबूल करायचा नाही. जरा हलला की पोटानं हॉर्न वाजायचा. मी म्हणायचे, दादा, वाजवतोस तूच आणि दचकतोसही तूच.”

मुक्कामाला पोचल्यावर बाबा गाडीतूनच फोन करत. बोलता बोलता मध्येच हॉर्न वाजे आणि ते काही नाही, काही नाही म्हणत. मनीनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं सीटकडे पाहिलं. शिडी उशी अदबीनं उचलून ठेवायचा आणि बसायचा. का नाही बसणार? त्याच्याच मापाची होती.

“म्हणजे हिवाळाभर मी शिडीच्या ढांगेची राखण केली,” ती म्हणाली.

आत्यानं ओठ दाबून धरले, पण तिचे खांदे हलायला लागले. मग मनीलाही हसू आवरेना. ओढ्यात दोघी दोन दगडांवर बसून पोट धरून हसत होत्या आणि वर गाडी तिरकी उभी होती. हसता हसता मनीचं तोंड वाकडं झालं ते तिला कळलं. आत्यानं पदर पुढे केला. ज्या दिवसांत रडायचं असतं त्या दिवसांत मनी पाहुण्यांना चहा देत फिरली होती. आता तिला कुणाला काही द्यायचं नव्हतं.

“मग त्यांची जागा?” बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

“ती शिडी बसला तेव्हाच गेली की गं.”

पण आत्यालाही ते तसंच सोडवेना. ती हँडलला धरून वर चढली, सीटवर बसली, दांडा उचलून पुढे सरकली. खट, खट, खट. थांबली. आठवायला लागली. दादानंतर मी बसले की मला मागे घ्यावी लागायची, म्हणाली, माझा घेर मोठा ना. एक खटका मागे. का दोन? पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली. स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटले. इथे असेल, म्हणाली. मग नाही म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

“राहू दे, आत्या,” मनी म्हणाली.

आत्या उतरली आणि मनी बसली. तिनं सीट पुढे घेतली, डावा पाय क्लचवर ठेवून दाबला. अजून एक खटका पुढे. पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत पेडलवर टेकलं आणि पेडल तळाला लागलं. गुडघ्यात थोडा बाक उरला. तो किती असावा हे शिडीनंच तिला एकदा सांगितलं होतं आणि तिनं मान डोलावली होती. आरसे तिनं नव्यानं लावले. इतके दिवस त्यांतून आभाळच जास्त दिसत होतं.

आत्या चढावर पुढे जाऊन गाडीकडे तोंड करून उभी राहिली. बाबांना ती अशीच वाट दाखवायची. तळहात आपल्याकडे हलवला की ये. बोट डावीकडे, बोट उजवीकडे. मूठ दिसली की जिथे असशील तिथे थांब. मनीनं इंजिन चालू केलं, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला. आवाज झाला नाही. तिला वाटलं, पडलाच नाही. काढून पुन्हा टाकला. पडला होता.

आत्याचा तळहात हलला. गाडी चढू लागली. बोट डावीकडे. चाकाखालून एक दगड निसटून खाली घरंगळत गेला, पण गाडी थांबली नाही. मूठ. मनीनं ब्रेक दाबला आणि गाडी होती तिथे उभी राहिली, मान ताठ ठेवून. पुन्हा तळहात. आत्या एकेक पाऊल मागे चढत होती, एक डोळा चाकावर, एक स्वतःच्या पायाखाली. मग पुढची चाकं कडेवरून पलीकडे गेली, नाक खाली आलं आणि समोर माळ दिसला.

मनीनं गाडी थांबवली. शिडीला सोमवारी सांगायला हवं, गिअरबॉक्समध्ये काही नव्हतं म्हणून. एवढं सांगायचं की सगळंच, ते तिचं ठरेना.

आत्या धापा टाकत आली आणि दार उघडून उभी राहिली.

“सरक. पुढे वाळू आहे, इथून मी घेते. तू रुतवशील.”

मनी उतरून दुसऱ्या बाजूला गेली. ती दार लावतेय तोवर आत्यानं सीट मागे घेतली होती.