पोचे माझे, काढणारे तुम्ही कोण?

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे जुनीच. 'वयाच्या मानाने बरी दिसते' असे म्हणणाऱ्यांना मी उत्तरही देत नाही. माझ्या अंगावर चव्वेचाळीस पोचे आहेत. मागचा दरवाजा उघडताना केकाटतो, पुढच्या दोन दिव्यांपैकी एक आकाशाकडे बघतो आणि टपाचा शेवाळी रंग उन्हाने उडून धुरकट झाला आहे. हे सगळे मी लाजून सांगत नाही. दोन महिन्यांपूर्वी माझ्या घरची माणसे मला नवी करायची की आहे तशी जपून ठेवायची, यावर हमरीतुमरीवर आली होती. मला मात्र कुणी विचारले नाही. म्हणून आता मीच बोलते, तुम्ही ऐका.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी फिकट पिवळी होते. माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. तो मला फक्त रविवारी बाहेर काढायचा, तेही बागेपर्यंत. आभाळ भरून आले की अर्ध्या वाटेवरून मागे फिरायचा. लोक म्हणायचे, "काय ठेवलीय हो गाडी!" आणि मी फुगायचे. आता वाटते, त्या सहा वर्षांत मी केले काय? बागेपर्यंत गेले आणि परत आले. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात. माझे सहा वर्षे लांबले, एवढेच.

मग डॉक्टर दुसऱ्या गावी गेला आणि मला बाईंनी, म्हणजे माझ्या आताच्या मालकिणीने, विकत घेतले. बाई तेव्हा तिशीच्या होत्या. उंच, सडपातळ, आणि आवाज असा की काचा बंद असल्या तरी चौकापर्यंत पोहोचावा. त्यांना मोटार शिकवण्याची शाळा काढायची होती. लोक हसले. बाई माणूस पुरुषांना गाडी शिकवणार? बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. त्या मला सरळ पानेकाकांकडे घेऊन गेल्या. हे काका मेकॅनिक. खिशात सतत एक पाना असायचा, म्हणून सारे त्यांना पानेकाका म्हणत. त्यांनी माझ्या तळाचा पत्रा कापला आणि बाजूच्या सीटपुढे दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवला. म्हणजे शिकणारा चुकला तर शेजारी बसलेल्या बाईंना गाडी थांबवता यावी. कापताना मला दुखले, खोटे कशाला बोलू? नंतर मला शेवाळी रंग दिला. "पिवळ्यावर धूळ दिसते," बाई म्हणाल्या, "आणि मला पुसत बसायला वेळ नाही."

त्या दिवशी मी शोभेची होते ती कामाची झाले.

एकतीस वर्षे आम्ही दोघींनी शिकवले. एक शिंपी ब्रेक दाबायच्या ऐवजी मला "थांब गं, थांब!" अशी विनवणी करायचा, माझ्या नाकावरचे दोन पोचे त्याचे. एका नर्सने मला रिव्हर्समध्ये दिव्याच्या खांबावर घातले आणि उतरून त्या खांबाचीच माफी मागितली. लोक ऐटीत सांगतात, मोडेन पण वाकणार नाही. मी म्हणते, मी त्रेचाळीस वेळा वाकले म्हणून तर मोडले नाही. माझी एक खोड होती. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना क्षणभर थांबले नाही तर मी खर्रकन ओरडायचे. म्हणून बाई शिकवायच्या, "सोड, श्वास घे, टाक." माझ्यावर शिकलेली माणसे पुढे कुठल्याही नव्या गाडीत तिथे एक श्वास थांबायचीच. लायसन्सची परीक्षा घेणारा साहेब तेवढ्यावरून ओळखायचा. "बाईंच्या गाडीवर शिकलात ना?" असे म्हणायचा आणि सही करून मोकळा व्हायचा.

बाईंच्या पायाखालच्या त्या ब्रेकचे रबर झिजून चार वेळा बदलावे लागले. ब्रेक दाबला की बाई कधी ओरडत नसत. मी थांबायचे, आणि बाई क्षणभर खिडकीबाहेर बघत बसायच्या. तेवढ्यात शिकणाऱ्याला आपला चेहरा सावरता यायचा. हे मी दुसऱ्या कुठल्या शिक्षकात पाहिले नाही.

पुढे बिनगिअरच्या गाड्या आल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. बाईंचे गुडघे गेले, शाळा बंद पडली आणि मला घरामागच्या शेडमध्ये ढकलले. नऊ वर्षे मी तिथे जुन्या गाद्या आणि मोडक्या पंख्याच्या संगतीत काढली. टायर बसले. मागच्या सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या वाढल्या. खायला काळ अन् भुईला भार, असे कुणी तोंडावर म्हणाले नाही, पण शेडचे दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते दिसायचे.

आता भांडणाकडे येते. बाईंना एक मुलगा आणि एक मुलगी. दोघे माझ्यावरच गाडी शिकलेले. मुलगा मोठ्या कचेरीत साहेब आहे आणि वीस वर्षे बिनगिअरची गाडी चालवतो. मुलगी वस्तुसंग्रहालयात काम करते. बारा वर्षांपूर्वी तिची गाडी ओल्या रस्त्यावर घसरली, तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तर मुलाला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे बोलावणे आले. तिथे दोन विभाग होते. एक नव्यासारख्या केलेल्या गाड्यांचा, दुसरा जशाच्या तशा राखलेल्या गाड्यांचा. झाले! भावाने पहिला धरला, बहिणीने दुसरा.

"दादा, तिला हातसुद्धा लावायचा नाही. तो रंग, ते पोचे, इतिहास आहे तो!"

"इतिहास नाही, गंज आहे. बोट लावून बघ, आरपार जाईल."

"मग आमच्या संग्रहालयात काचेच्या खोलीत ठेवू. भोवती दोरी बांधू."

"अगं, गाडी आहे की लोणचं? बरणीत काय घालतेस तिला!"

दोघांचेही माझ्यावर प्रेम होते. राग त्याचाच येत होता. भावाला मला माझीच धाकटी बहीण बनवायचे होते आणि बहिणीला मी जिवंतपणीच भिंतीवरचा फोटो व्हायला हवी होते. मी चालते की नाही, याची दोघांनाही फिकीर नव्हती.

बाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "आधी तिला चालती करा. मग तिचं काय ते मी ठरवीन. गाडी माझी आहे."

पानेकाका आता खूप थकले आहेत, तरी आले. त्यांनी ब्रेकच्या नळ्या बदलल्या, टाकी धुतली, टायर घातले. नऊ वर्षांनी मी पहिल्यांदा शिंकले तेव्हा त्या म्हाताऱ्याने डोळे पुसले. मला या दुरुस्तीचा मुळीच राग नाही, मित्रांनो. ब्रेक न लागणाऱ्या गाडीने अभिमान कसला बाळगायचा? पण दुरुस्ती वेगळी आणि कायापालट वेगळा.

आणि मुलाने नेमके तेच केले. "नुसती दाखवून आणतो," असे सांगून त्याने मला एका कारागिराच्या वर्कशॉपमध्ये नेले. हा माणूस जुन्या गाड्या अशा चकचकीत करतो की त्यात तोंड बघावे. मी त्याला मनात आरसेवाला म्हणते. त्याची कला खोटी नव्हती. माझ्या पत्र्यावरून त्याने डोळे मिटून हात फिरवला आणि एकेक पोचा बरोबर सांगितला. मग आत डोकावून म्हणाला, "साहेब, बाजूचे हे ब्रेक-क्लच मूळचे नाहीत. कारखान्यात असे येत नसत. परीक्षक गुण कापणार."

"काढून टाका," मुलगा म्हणाला. "आईला मी सांगतो नंतर."

अर्ध्या तासात माझा तो ब्रेक एका डब्यात जाऊन पडला. भोकावर पत्रा ठोकला आणि वर नवीकोरी चटई अंथरली. शेडमध्ये नऊ वर्षे पडून होते तेव्हाही मला म्हातारे वाटले नव्हते. त्या दुपारी वाटले.

मी रात्री घरी परतले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई मुलीला घेऊन तिथे हजर झाल्या. आल्या त्या थेट बाजूच्या सीटवर बसल्या. मुलगी मागे बसली. "चालव," बाई मुलाला म्हणाल्या. "बघू दे, काय आठवतंय."

मुलाने किल्ली फिरवली आणि त्याचा चेहरा पडला. "आई, एक सांगायचं होतं..."

"किल्ली फिरली की गप्पा बंद. नियम विसरलास?"

पन्नाशीचा साहेब गप्प बसला. बाईंच्या गाडीत तो नियम मोडायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. त्यानेही केली नाही, आणि तिथेच सगळे चुकले.

वर्कशॉपच्या अंगणाला फाटकापर्यंत चांगला उतार आहे. आम्ही सुटलो. तेवढ्यात आरसेवाल्याची बायको कामगारांसाठी चहाची किटली घेऊन समोरून आली. मुलगा घाबरला. वीस वर्षांची सवय; बिनगिअरच्या गाडीत डावीकडे ब्रेकच असतो. त्याचा पाय ब्रेक समजून क्लचवर पडला आणि मी आणखीच मोकळी धावू लागले. बाईंचा पाय खाली गेला. चटई. पुन्हा गेला. पुन्हा चटईच. मी थांबायला तयार होते हो, पण मला थांबवणारे कुणी जागेवर नव्हते. शेवटी बाईंनी एका हाताने स्टिअरिंग ओढले, दुसऱ्याने हँडब्रेक, आणि मी भिंतीशी ठेवलेल्या रिकाम्या पिंपांवर जाऊन आदळले. चव्वेचाळिसावा पोचा.

कुणाला लागले नाही. चहा मात्र सगळा सांडला.

बाईंनी काठीच्या टोकाने चटई सरकवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझा ब्रेक कुठाय?"

"आई, तो मूळचा नव्हता. गुण कापले असते म्हणून..."

"मूळची तर मीही नव्हते," बाई म्हणाल्या. "बाईनं गाडी शिकवायची, हे कुठल्या कारखान्यानं ठरवलं होतं? लोक हसले तेव्हा मी तो ब्रेक बसवून घेतला. तुझ्या पहिल्या महिन्यात तो किती वेळा दाबलाय, सांगू इथे सगळ्यांसमोर?"

मागून मुलगी म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना? हलवूच नका तिला."

बाई वळल्या. "तू तर बोलूच नकोस. तुला तिची काळजी नाहीये, तुला भीती वाटते. बारा वर्षं झाली. त्या भीतीला इतिहास म्हणू नकोस, बाळा."

मुलीला रडू फुटले. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

निकाल तिथेच लागला. गंज घासून काढायचा, वाढू द्यायचा नाही. ब्रेक, टायर, वायरी, इंजिन पक्के ठेवायचे. रंग आहे तो राहील, पोचे आहेत ते राहतील, चव्वेचाळिसावासुद्धा. आणि बाजूचा ब्रेक आजच्या आज जागेवर. आरसेवाला स्वतः डबा घेऊन आला. "चुकलंच, बाई. तुम्हाला विचारायला हवं होतं," म्हणाला. तरी नाकावरच्या पोचावर हात ठेवून पुटपुटलाच, "एवढा एक तरी काढू द्या हो, हात शिवशिवतात." बाईंनी नुसते बघितले. त्याने हात काढला.

मुलगा चार दिवस फुगून बसला. पाचव्या दिवशी शिकाऊ गाडीची पाटी स्वतः रंगवून घेऊन आला. अक्षर वाकडे आहे, पण मी ती मिरवते. मुलगी रोज सकाळी बाईंना शेजारी बसवून मला गल्लीत फिरवते. अजून घामाघूम होते. पण उतरताना माझे दार आपटते, आणि घाबरलेले माणूस दार आपटत नाही, हे मी एकतीस वर्षांत शिकले आहे.

प्रदर्शन कालच झाले. मी गेले नाही. मला कोणत्या विभागात उभे करणार होते? मी नव्यासारखीही नाही आणि जशीच्या तशीही नाही; मी रोज थोडी बदलते, कारण मी रोज बाहेर पडते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काही जुने असेल, यंत्र म्हणा नाहीतर माणूस म्हणा. त्याला चकचकीत करू नका आणि दोरी बांधून पूजूही नका. त्याचे दुखते तिथे तेल घाला, तुटले ते जोडा आणि त्याला काम द्या. काय ठेवायचे आणि काय काढायचे, ते आधी त्यालाच विचारा. उत्तर उर्मट आले तर समजा, तब्येत ठणठणीत आहे.

आता बोलणे पुरे. आरसेवाल्याची बायको येऊन बसली आहे. "यांनी शंभर गाड्या चमकवल्या, पण मला एक चालवू दिली नाही," असे सांगून तिने कालच बाईंकडे नाव घातले. बाई शेजारी बसल्या आहेत, किल्ली फिरली आहे, गप्पा बंद. बाजूला व्हा बरे सगळे. तिला अजून वळता येत नाही.