डावीकडची खिडकी

डॉक्टरने पोरीचा पट्टा ओढून घट्ट केला आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवले. ते तिला मोठे होत होते, घसरून गालावर येत होते. मागच्या सीटवर तिचा भाऊ डावीकडच्या खिडकीला नाक लावून बसला होता. विमान अजून जागचं हललंही नव्हतं.

“काका, तुम्ही खरे पायलट आहात ना?” त्याने विचारलं. “बाबा म्हणाले, तुम्ही दात काढता.”

“आठवडाभर काढतो. रविवारी दातांना सुट्टी.”

पोरगं हसलं आणि लगेच तोंडावर हात धरला. पुढचे दोन पडलेले होते.

डॉक्टर खरंच दातांचा. विमान चालवायचं लायसन्स हौसेने काढलेलं. त्याच्यासारखे आणखी चारपाच हौशी होते, त्यातला एक तर कापडदुकानदार. महिन्यातल्या एका रविवारी हे सगळे मिळून, कधीच विमानात न बसलेल्या मुलांना फुकट फिरवून आणायचे. डॉक्टरला एक गोष्ट केव्हाच कळून चुकली होती. पोरांना डोंगर नको असतो, नदी नको असते, त्यांना आपलं घर वरून बघायचं असतं. मग घरावरून एक फेरा मारायचा आणि गच्चीतून कोणी हात केला की पंख हलवून उत्तर द्यायचं.

“तुमचं घर कुठे?” त्याने पोरीला विचारलं.

नदीपलीकडे, ती म्हणाली. गच्चीवर काळी टाकी आहे, बाहेरून लोखंडी जिना आहे. मग मागे एकदा बघून आवाज खाली आणला.

“आमचं नाही ते. आई राहते तिथे.”

डॉक्टरने कुंपणाकडे पाहिलं. बाप तिथे हेल्मेट धरून उभा होता, विमानाकडे पाठ करून. मुलांना सोपवताना तो एवढंच बोलला होता, की कुठे म्हणतील तिथे न्या, माझं काही नाही.

बाकीचं पोरीने भराभर सांगून टाकलं. आई येते येते म्हणून तीनदा आली नव्हती. छोट्याने मग तिचं नाव काढणंच बंद केलं. म्हणून तिने बाबांच्या फोनवरून गुपचूप आईला सांगितलं होतं, रविवारी अकरा वाजता पिवळं विमान येईल, लाल चादर घेऊन गच्चीवर ये. आई म्हणाली होती, बघते.

“या वेळी नाही आली ना काका, तर तो तिला विसरूनच जाईल.”

तेवढ्यात रांग सांभाळणाऱ्या बाईंनी, त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या आणि अजूनही सगळ्यांना पहिलीतलेच समजायच्या, निघायची खूण केली. खरं तर या दोघांचा नंबर नंतरचा होता, पण आधीची मुलं पोचलीच नव्हती. रिकामं विमान काय शोभेला उभं करायचं, असं म्हणून बाईंनी यांना पुढे घातलं होतं.

“अकरा वाजले का?” पोरीने विचारलं.

डॉक्टरचं लक्ष काट्यांकडे होतं, पण ते काटे पेट्रोलचे होते.

“वाजलेच म्हण.” खुर्चीतल्या पेशंटला ‘झालंच हं’ म्हणावं तसं ते त्याच्या तोंडून गेलं.

“खालून आम्ही दिसू?”

“विमान दिसेल. माणसं नाही दिसत. काचेवर ऊन असतं.”

विमान धावलं, थरथरलं आणि थरथर एकदम थांबली. मागून छोट्या ओरडला, “ताई, रस्ता खाली पडला!” घरं काड्यापेट्यांएवढी झाली. नदी आली, नदी मागे गेली. काळी टाकी पोरीनेच शोधली.

डॉक्टरने विमान उजवीकडे कलतं करून फेरा धरला. पोरीच्या बाजूला सगळी गच्ची उघडी पडली. दोरी होती, बादली होती, जिन्याचं दार लावलेलं होतं. माणूस नव्हतं. त्याने आणखी एक फेरा मारला, जरा खालून. दार लावलेलंच.

“ताई, मला नुसतं आभाळ दिसतंय,” मागून आवाज आला. “आहे का आई?”

पोरीने काचेला कपाळ टेकवून गच्ची पुन्हा एकदा कडेपासून कडेपर्यंत पाहिली.

“आहे,” पोरगी म्हणाली. “लाल चादर हलवतेय.”

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. ती बाहेरच बघत होती. नखाने पट्ट्याच्या कडेचा दोरा उसवत होती.

“काका, इकडून वळा ना. डावीकडून. मला बघायचंय.”

एवढंच तर करायचं होतं. हात जरा डावीकडे, की गच्ची त्याच्या खिडकीत आली असती.

“आता नाही रे,” डॉक्टर म्हणाला. “खालून बोलावणं आलंय. उतरायचंय.”

रेडिओवर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

“मग पंख तरी हलवा तिला.”

डॉक्टरने रिकाम्या गच्चीला पंख हलवून दाखवले.

खाली उतरल्यावर छोट्या सुसाट कुंपणाकडे पळाला. आई होती, लाल चादर, ताईने बघितली, आम्ही पंख हलवले. बाप त्याच्या डोक्यात हेल्मेट घालत होता, त्याचे हात थांबले. त्याने वर न बघताच विचारलं,

“खरंच आली होती?”

पोरगी डॉक्टरकडे बघत होती.

“हो,” डॉक्टर म्हणाला.

“मला वाटलं नव्हतं.” बापाने हेल्मेटचा पट्टा लावला, सोडला, परत लावला. मग तिघं स्कूटरवर बसून फाटकातून गेली. छोट्या मागे वळून हात करत होता, दिसेनासा होईपर्यंत.

उशिरा आलेली तीन मुलं घेऊन डॉक्टर परत उडाला. त्यातल्या एकाचं घर नदीपलीकडेच होतं, शाळेच्या मागे. त्यावरून फेरा मारून परत फिरताना त्याला खाली लाल काहीतरी दिसलं.

काळ्या टाकीशेजारी एक बाई उभी होती. पिवळं विमान दिसताच तिने चादर दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि गच्चीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावली. डॉक्टरने समोरच्या घड्याळात पाहिलं. अकराला काटा टेकत होता.

त्याने उजवीकडून फेरा मारला. मग डावीकडूनही मारला, सावकाश, पूर्ण. पंख हलवले. ती थांबेना. चादर वाऱ्याने तिच्या तोंडावर येत होती आणि ती बाजूला सारून वर बघत होती.

“काका, कोण आहे ती?” पुढच्या सीटवरच्या मुलीने विचारलं.

“हात करा तिला,” डॉक्टर म्हणाला. “सगळ्यांनी.”

तिघं खिडक्यांना चिकटली आणि जोरजोरात हात हलवायला लागली. खालून काही दिसत नाही, हे डॉक्टरने त्यांना सांगितलं नाही.