काचेत राहिलेली अर्धी वही

मित्रांनो, मी एक जुनी उड्डाणवही आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. पुन्ता आल्ता गावात निवृत्त नौदल वैमानिकांचं मंडळ आहे. तिथं काचेच्या पेटीत मला उघडून ठेवलं आहे. शाळेच्या सहलीला तुम्ही येता, वाकून बघता, "बापरे" म्हणता. म्हणा बापडे. पण माझं डोकं तापलेलं आहे, आणि ते का, हे आज ऐकूनच जा.

माझा जन्म नौदलाच्या छापखान्यात झाला. नॉर्बेर्तो सालदीव्हिया नावाच्या तरुण वैमानिकाच्या हाती मी पडले. कुठून उडाला, कुठं उतरला, किती मिनिटं, सारं तो माझ्यात लिहायचा. वादळात जहाजावर विमान उतरवून आला की त्याचं अक्षर वाकडं यायचं. पान भरलं की खाली कमांडरची सही व्हायची. सहीशिवाय पानाला किंमत नसे. चोवीस वर्षं असं चाललं.

तो निवृत्त झाला तेव्हा माझी निम्मी पानं कोरी होती. दुसऱ्याच दिवशी त्यानं लिहिलं: "घर ते बालवाडी. सायकल. प्रवासी: फाबियान. अठरा मिनिटं. उतरताना गुडघा फुटला." फाबियान म्हणजे त्याचा लहानगा मुलगा. त्याच्या बायकोनं, एल्वीरानं, ते वाचलं आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली.

"आता यावर सही कोण करणार?"

"कमांडर," म्हणत त्यानं पेन तिच्या हातात दिलं.

"मग हुकूम ऐक. आधी भांडी घास."

पुढं प्रत्येक पानाखाली तिचीच सही. बेकरीच्या फेऱ्या, मुलांचे दवाखाने, रविवारी सासूला आणायला बाहिया ब्लांकापर्यंत. "वारा विरुद्ध, सासू गप्प," असं त्यानं लिहून ठेवलं होतं. शेवटची नोंद एल्वीराच्या आजारपणातली. "पलंग ते खिडकी. प्रवासी: एल्वीरा. उचलून. नऊ मिनिटं." तिची सही थरथरत ओळीबाहेर गेली होती. ती गेल्यावर त्यानं मला मिटलं आणि उशाशी ठेवलं.

आणि मग या मंडळाला मी आठवले. सचिव घरी आला तेव्हा म्हातारा अंगणात होता.

"उड्डाणाची पानं तेवढी द्या," सचिव घरात फाबियानला म्हणाला. "सासू आणि पाव बघायला कोण येणार?"

फाबियान आता स्वतः नौदलात अधिकारी. "बाबांचा मान वाढतोय तर काय हरकत आहे," म्हणाला, आणि त्यानं धारदार पात्यानं मला पाठीतून उभं चिरलं. ज्या पोराचा फुटलेला गुडघा मी इतकी वर्षं जपला, त्यानंच. अजून आठवलं की माझा संताप होतो.

मंडळात म्हाताऱ्याच्या सत्काराच्या समारंभाला भाषणं झाली, टाळ्या झाल्या. त्यानं मला हातात घेतलं, शेवटच्या पानापर्यंत आला आणि थांबला.

"बाकीची कुठं आहेत?"

"ती घरगुती पानं होती, बाबा. टाकली नाहीत, गाडीत पिशवीत आहेत."

"आण."

सचिव गडबडला. "कॅप्टन, हवं तर पुन्हा शिवून घेऊ."

"कापायच्या आधी विचारायचं होतंत. ही राहू द्या तुम्हाला."

"असं काय करता, बाबा," फाबियान माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला. "हे तुमचं आयुष्य आहे."

"ती नोकरी होती," म्हातारा म्हणाला. पिशवी छातीशी धरून तो निघून गेला. पुन्हा इकडं फिरकला नाही.

सचिवाचा राग येतो, फाबियानचा येतो, आणि लपवत नाही, म्हाताऱ्याचाही येतो. वादळातली त्याची भीती मीच सांभाळली होती ना? मग मलाही त्याच पिशवीत का नाही टाकलं? मित्रांनो, माणसाचा मान करायचा तर अख्ख्या माणसाचा करा. तुम्हाला आवडेल तेवढाच तुकडा कापून त्याला हार घालू नका.

या पेटीची किल्ली सचिवाच्या खिशात असते. तुम्ही लहान आहात, तुमच्यावर कुणी ओरडणार नाही. त्याच्याकडं किल्ली मागून तर बघा. मला घरी जायचं आहे.