घरच्यांनी लावलेली झुंज

खडू मधेच मोडला आणि 'मुनुस'मधला शेवटचा स फळ्यावर अर्धाच राहिला... गुणवंतराव त्याच्याकडे बघत राहिले. ग्लॅडिएटर हा शब्द तलवारीवरून आला, हे एका दमात सांगून झालं होतं, बी.ए.च्या पोरांना ते दरवर्षीच सांगत. पण रोमन लोक त्या झुंजींना मुनुस म्हणत — मेलेल्या माणसासाठी करायचं कर्तव्य — आणि रोममधली पहिली झुंज एका बापाच्या अंत्यविधीला झाली, हे वाक्य यंदा बोलायचं राहिलं.

"सर, पण ह्या झुंजी लावत कोण होते?" महेकनं बाकावरून विचारलं.

"घरचे," ते म्हणाले. "मेलेल्याच्या घरचे."

आणि खिशातला तो स्टॅम्पपेपर... थोरला पोरगा विक्की पोलिसात होता. मार्चात गडचिरोलीच्या जंगलात भूसुरुंगात गेला. त्याच्या जागी आता अनुकंपेवर धाकटी खुशबू लागणार, तीही पोलीस शिपाई म्हणूनच, कारकुनी नको म्हणे तिला. त्या कागदावर बापाची ना-हरकत सही तेवढी राहिलीय. नाही म्हणायचं, बस. पण कोणत्या तोंडानं? शोकसभेत बुद्धवंदना आटोपली, मंडपात अर्धी ब्रह्मपुरी, कुणीतरी हातात माईक दिला आणि मी बोलून गेलो — एक लेकरू दिलं, दुसरंही देईन! मी, जन्मभर पोरांना तोलून-मापून लिहायला शिकवणारा मास्तर... टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! त्याची आई रुखमा तोंडात पदर कोंबून माझ्याकडे बघत होती, आणि खुशबू पहिल्या रांगेत ताठ बसलेली, कोरड्या डोळ्यांनी. सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत येत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

घरी आले तेव्हा खुशबू पेन घेऊन दारातच उभी होती.

"बाबा, उद्या शेवटची तारीख हाये."

"नको जाऊ, पोरी."

"काऊन? तुमीच तं म्हटलं होतं ना साऱ्यायसमोर? मी तवाच ठरवलं."

"तवा मी भानावर नव्हतो."

आत रुखमाच्या भांड्यांचा आवाज थांबला.

खोटं होतं ते. ते भानावर होते, पुरते भानावर. टाळ्या पडल्या तेव्हा, विक्की गेल्यापासून पहिल्यांदा, त्यांना बरं वाटलं होतं... क्षणभरच, पण बरं वाटलं होतं. हे सांगितलं तर पोरगी थांबेल कदाचित. पण मग ती आपल्याला बाबा म्हणेल का? त्यांनी पेन हातात घेतला आणि सांगण्यासाठी तोंड उघडलं.